डिव्होर्सची केस चालू, फ्लॅट दोघांच्या नावावर, नवरा म्हणतो घर खाली कर. निघू का नको?

खिडकीपाशी

नमस्कार. लांबलंय, आधीच सॉरी.

मी धायरीत राहते, पुणे. लग्नाला १२ वर्षं, मुलगी तिसरीत. २०१६ ला आम्ही टू बीएचके घेतला ४६ लाखाला. अॅग्रीमेंटवर आधी ह्यांचं नाव मग माझं (बघा, सवयीने अजून ह्यांचं लिहितेय). १० लाख आपले घालायचे होते त्यातले ८ माझ्या बाबांनी दिले, ते त्याच वर्षी एसटीतून रिटायर झाले, फंडाचे पैसे, त्यांच्या खात्यातून माझ्या खात्यात आणि तिथून बिल्डरला चेक. राहिलेल्या ३६ लाखांचं लोन, दोघांच्या नावाने. हप्ता ३३ हजार आणि तो पहिल्या दिवसापासून त्याच्या पगारातून जातो. माझा पगार आता हातात ४२ हजार येतो, तो सगळा घरातच, किराणा, शाळेची फी, मेंटेनन्स, लाईटबिल, सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. ह्यातलं काही लिहून ठेवलेलं नाही, संसारात कोण लिहून ठेवतं.

ऑगस्टमध्ये तो निघून गेला, बहिणीकडे राहतोय. का ते इथे नको. डिसेंबरात कोर्टाची नोटीस आली, क्रूरतेच्या कारणाने घटस्फोट मागितलाय. वाचून मी अर्धा तास जिन्यात बसून होते. मग व्हॉट्सॲपवर, "फ्लॅट विकायचाय, महिन्यात खाली कर, १० लाख देतो, विषय संपला. हप्ते मी भरलेत म्हणजे घर माझं आहे." त्यानंतर बँकेचा मेसेज आला की दोन हप्ते थकलेत.

आणि गेल्या रविवारी सासू-सासरे बॅगा घेऊन आले. आमच्या मुलाचं घर आहे, आम्ही इथेच राहणार. आता ह्यात गंमत अशी की सासूबाई माणूस म्हणून वाईट नाहीत, आल्यापासून पोरीचा डबा त्याच करतात, त्यांना घराबाहेर काढ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण त्या झोपल्या की सासरे हॉलमध्ये फोनवर "अजून आहे इथेच" असं कुणाला तरी सांगतात ते मला ऐकू येतं.

आई म्हणते ये निघून, चार भिंतींसाठी जीव कशाला जाळायचा. भाऊ म्हणतो उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलंस की घर गेलं. वकील अजून केलेला नाही. तो खरंच एकटा विकू शकतो का? मी गेले तर माझा हक्क जातो का? आणि १० लाख हे बरोबर आहेत का कमी, मला कळतच नाहीये.

कडूकारलं

ताई, निघू नकोस. मी निघाले होते म्हणून सांगते. नाशिकला, २०१९. गणपतीला पंधरा दिवस माहेरी गेले, जरा डोकं शांत होईल म्हणून, परत आले तर कुलूप बदललेलं. शेजारीण दाराच्या फटीतून बघतेय आणि मी पोरगा कडेवर घेऊन जिन्यात उभी. कायद्याने परत जाता येतं, मी गेलेही, पण त्याला ११ महिने लागले आणि तोवर माझी डिग्रीची सर्टिफिकेटं, आईने दिलेल्या पाटल्या, पोराचे बारशाचे फोटो सगळं आत. पाटल्या अजून मिळाल्या नाहीत. "असं काही नव्हतंच" हे उत्तर.

म्हणजे हक्क जातो असं नाही, हक्क कागदावर राहतो आणि तू रस्त्यावर राहतेस. मारहाण वगैरे असेल तर मात्र एक मिनिट थांबू नकोस, घर गेलं चुलीत, १८१ ला फोन लाव आणि पोरीला घेऊन नीघ.

आजच्या आज एक काम कर. घरातल्या सगळ्या कागदांचे मोबाईलवर फोटो काढ आणि भावाला पाठव. अॅग्रीमेंटची झेरॉक्स, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मेंटेनन्सच्या पावत्या, शाळेच्या फीच्या पावत्या, दागिन्यांची बिलं, दागिने घातलेले लग्नातले फोटोसुद्धा. बाबांचं २०१६ चं पासबुक शोधायला सांग, ते सगळ्यात महत्त्वाचं. ओरिजिनल अॅग्रीमेंट बँकेत असेल, पण इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा) आयजीआरच्या, म्हणजे नोंदणी विभागाच्या साईटवर ई-सर्चमध्ये मिळतो. दागिने घरात ठेवू नकोस.

सरळसोट

४९८अ (सासरच्या छळाची पोलीस केस) टाका सासूसासऱ्यांसकट. दोन दिवसांत घर रिकामं आणि नवरा पाया पडत येईल.

कडूकारलं

@सरळसोट ती लिहितेय की सासू पोरीचा डबा करते आणि तुम्ही त्या बाईला आरोपी करायला निघालात. छळ झाला असेल तर तक्रार करावी, जरूर करावी, घर मिळवायचा जॅक म्हणून नाही. आणि ते कलम आता ४९८अ राहिलेलं पण नाही, १ जुलै २०२४ पासून बीएनएसचं (भारतीय न्याय संहितेचं) ८५ आहे. सल्ला तरी ताजा द्या.

काळा_कोट

मी कौटुंबिक न्यायालयात प्रॅक्टिस करतो, पण हा सल्ला नाही, दिशा समजा, फाईल बघितल्याशिवाय कुणीही छातीठोक सांगितलं तर पळा तिथून.

इथे लोक दोन गोष्टींची खिचडी करतात. मालकी कुणाची हा एक प्रश्न आणि राहायचा हक्क कुणाला हा वेगळा प्रश्न. राहायचा हक्क तुम्हाला २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याच्या कलम १७ ने आहे आणि त्यासाठी घरावर नाव असावंच लागत नाही. आधी सुप्रीम कोर्टाच्या बत्रा निकालामुळे घर सासूसासऱ्यांच्या नावावर असलं की सुनेची पंचाईत व्हायची, तो निकाल ऑक्टोबर २०२० मध्ये सतीश अहुजा केसमध्ये फिरवला. तुमचं तर नाव अॅग्रीमेंटवरच आहे, तुम्ही सून म्हणून नाही, सहमालक म्हणून त्या घरात आहात. सासूसासरे तिथे मुलाच्या जोरावर पाहुणे आहेत. ते ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली तुम्हाला घराबाहेर काढायचा अर्ज करू अशी भीती घालतील कदाचित, पण तो कायदा सुनेचा राहायचा हक्क आपोआप पुसू शकत नाही हेही सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितलंय.

विकायचं म्हणाल तर पूर्ण फ्लॅट तुमच्या सहीशिवाय रजिस्टर होत नाही, वर बँकेकडे गहाण आहे म्हणजे बँकेची एनओसी (ना-हरकत) पण लागते. पण आठवून बघा, बुकिंगच्या वेळी किंवा लोनच्या वेळी नवऱ्याला कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अॅटर्नी, तुमच्या वतीने सही करायचा अधिकार) दिलं होतं का? "तुला ऑफिसातून सुट्टी मिळत नाही, मी बघतो सगळं" असं म्हणून पुष्कळ घरांत ते केलेलं असतं आणि बाई विसरून जाते. असेल तर आधी ते रद्द करा. कलम १९ खाली घर विकू नये, गहाण टाकू नये, तुम्हाला बाहेर काढू नये असा आदेश मागता येतो, मॅजिस्ट्रेटकडे स्वतंत्र अर्ज करा किंवा कलम २६ मुळे चालू असलेल्या डिव्होर्सच्या केसमध्येच मागा. मात्र हा कायदा घरगुती हिंसाचाराचा आहे, त्यात शिवीगाळ, मानसिक, आर्थिक छळ सगळं येतं पण काय घडलं ते नीट सांगावं लागतं, नुसतं "घर हवंय" म्हणून अर्ज टिकत नाही.

आता मालकी. "हप्ते मी भरले म्हणजे घर माझं" हे इतकं सोपं नाही, पण त्याच्या बोलण्यात अजिबात दम नाही असंही मी म्हणणार नाही. हिस्से लिहिलेले नसतील आणि कुणी किती घातले ह्याचा पुरावा नसेल तर निम्मे निम्मे धरतात. पुरावा असेल तर ज्याने जितके घातले त्या प्रमाणात, मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम ४५. म्हणजे तो बँक स्टेटमेंट घेऊन येणार आणि मी जास्त घातले म्हणणार. तुमच्याकडून बाबांचे ८ लाख हा थेट पुरावा. किराणा आणि फी थेट घराचे पैसे नव्हेत, पण तुम्ही तो खर्च उचलला म्हणून त्याचा पगार हप्त्याला मोकळा राहिला हे मांडावं लागतं आणि त्यासाठी पावत्या.

अजून दोन. मालकीचा दावा कौटुंबिक न्यायालयातच लावता येतो, वेगळं सिव्हिल कोर्ट गाठायला नको. तो लावला की लिस पेंडन्सची (मालमत्तेवर दावा चालू असल्याची) नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या, नुसता दावा चालू आहे एवढं आपल्याकडे पुरत नाही, ती नोंदलेली असेल तरच पुढचा खरेदीदार "मला माहीत नव्हतं" म्हणू शकत नाही. आणि खर्चाची काळजी असेल तर शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे तिथे जा, बाईला उत्पन्न कितीही असो वकील फुकट मिळतो. कौटुंबिक मालमत्तेच्या दाव्यात बायकांना महाराष्ट्रात १९९४ पासून कोर्ट फी माफ आहे, ते पण कुणी सांगत नाही.

हप्तेवाला

मी होमलोन डिपार्टमेंटला १४ वर्षं आहे (कुठल्या बँकेत ते सोडा). वकीलसाहेबांनी सगळं सांगितलं पण घरात तिसरा मालक बसलाय त्याचं नाव कुणी घेतलं नाही. बँक.

मॅडम तुम्ही को-बॉरोअर (सहकर्जदार) आहात. ह्याचा अर्थ बँकेला तुम्ही दोघं एकच. कोर्टाने उद्या हुकूम दिला की हप्ता नवऱ्याने भरायचा तरी तो हुकूम तुमच्या दोघांतला, बँक त्यात पार्टी नाही, त्याने नाही भरला की फोन तुम्हालाच आणि सिबिल तुमचंही खराब. दोन हप्ते थकलेत म्हणताय. ९० दिवस झाले की खातं एनपीए (बुडीत कर्ज), मग सरफेसीची (बँकेच्या वसुली कायद्याची) ६० दिवसांची नोटीस, त्यानंतर जप्तीचा रस्ता मोकळा, आणि लिलावात घर गेलं की तुमचे वाद, तुमचे हिस्से, सगळं लोन फिटून उरलं तर त्यातलं. मी अशी दोन घरं बघितलीत जिथे नवराबायको "मी का भरू, तू भर" करत बसले आणि घर तिसऱ्याच माणसाने स्वस्तात उचललं.

तेव्हा जमेल तसं करून निदान एक हप्ता भरा, तुमच्याच खात्यातून, ट्रान्सफरने, कॅश नाही. भावाकडून घ्या हवं तर. ते पैसे वाया जात नाहीत, तुमच्या नावाने पुरावा होतो. ब्रँचला लेखी अर्ज द्या की वाद चालू आहे, माझ्या सहीशिवाय टॉपअप (वाढीव लोन) देऊ नये, फोरक्लोजरनंतर (लोन मुदतीआधी फेडल्यावर) ओरिजिनल कागद एकट्याच्या हातात देऊ नयेत. पोच घ्या.

आता तुमच्या १० लाखांचा हिशोब. ३६ लाखांच्या लोनवर ९ वर्षं हप्ते गेले तरी मुद्दल अजून साडेसत्तावीसच्या आसपास असेल, सुरुवातीची वर्षं व्याजातच जातात. धायरीत २०१६ चा ४६ चा फ्लॅट आज समजा ६८ ला गेला. ६८ वजा साडेसत्तावीस, राहिले साडेचाळीस. निम्मे म्हणजे २० च्या वर. बरोबर आकडा बँकेच्या स्टेटमेंटवरून आणि व्हॅल्युअरकडून काढा पण १० लाखांत तुमच्या बाबांचे ८ लाख परत आणि वर २ लाख दक्षिणा, इतकाच तो विषय आहे.

आणि स्वतःच ठेवायचं मनात असेल तर तेही आकड्यात बघा. ४२ हजार पगारावर दुसरं कर्ज नसेल तर हप्ता साधारण २१ हजारांपर्यंत धरतात, साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांला २४ लाख होतात. आजचं लोनच त्याहून जास्त आहे आणि नवऱ्याचा हिस्सा वेगळा. म्हणजे एकटीच्या पगारावर बसत नाही, पोटगी किंवा माहेरची मदत धरली तर बसेल.

एकटा_जीव

मी दुसऱ्या बाजूचा. नवरा. शिव्या घालायच्या असतील तर घाला पण वाचून.

मला पण तेव्हा असंच वाटायचं, हप्ते माझे, घाम माझा, घर माझं. दोन वर्षं भांडलो. कोर्टातल्या समुपदेशक बाईंनी एकदा कागद पुढे केला आणि म्हणाल्या दोघं आपापल्या मनातला आकडा लिहा. माझ्या आणि तिच्या आकड्यात ४ लाखांचा फरक होता. तोवर माझे वकिलाला आणि भाड्याच्या खोलीला त्याहून जास्त गेले होते. ते घर आता मी ठेवलं असतं तर त्यात राहू शकलो असतो का हा पण प्रश्नच, बेडरूमच्या दारावर पोराच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा होत्या.

असो. शेवटी म्युच्युअलला (दोघांच्या संमतीच्या घटस्फोटाला) आलो. एकरकमी पोटगीचं बोलणं चालू होतं त्यात माझा हिस्साच तिला द्यायचं ठरलं. इथे एक गोष्ट आम्हाला ओळखीच्या माणसाने सांगितली, वकिलाने नाही. महाराष्ट्रात नवरा बायकोला राहतं घर बक्षीसपत्राने देतो तेव्हा मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये, नोंदणीचा वगैरे खर्च वेगळा. पण ती बायको असेपर्यंत! डिक्री (घटस्फोटाचा हुकूम) झाली की ती कायद्याने परकी, मग ही सवलत नाही. हक्कसोडपत्र करू म्हणाल तर त्याची सवलत वडिलोपार्जित मालमत्तेला आहे, विकत घेतलेल्या फ्लॅटला नाही. आम्ही सेकंड मोशनच्या (कोर्टात दुसऱ्यांदा, शेवटची संमती द्यायच्या) दिवशीच बक्षीसपत्र केलं, सकाळी हवेलीच्या सब-रजिस्ट्रारकडे अंगठे आणि फोटो, दुपारी कोर्ट. एकाच रिक्षातून गेलो. त्याच दिवशी का, तर मी आधी लिहून दिलं आणि तिने संमती मागे घेतली तर मी दोन्हीकडून गेलो, आणि तिला भीती की संमती आधी दिली तर मी लिहूनच देणार नाही.

काळा_कोट

@एकटा_जीव चांगलं सांगितलंत, एक पुस्ती जोडतो. बक्षीस म्हणजे मोबदला न घेता. पैसे घेऊन त्याला गिफ्ट म्हणायचं नाही, पोटगीच्या बदल्यात असं त्यात लिहिलं तर रजिस्ट्रारकडे अडू शकतं, संमतीपत्र आणि बक्षीसपत्र दोन्हींची भाषा एकाच वकिलाने बघावी. आणि लोन चालू असेल तर बँकेच्या एनओसीशिवाय करू नका.

कडूकारलं

@एकटा_जीव रिक्षाचं वाचून कसंतरी झालं. पण एक विचारते, दोन वर्षं हप्ते भरणं थांबवलं होतंत का तुम्ही?

एकटा_जीव

तीन महिने. हो. ती घाबरेल म्हणून. घाबरली नाही, सिबिल माझं खराब झालं, त्याच्यामुळे पुढे गाडीला लोन मिळालं नाही.

मांडवीकाठ

गोव्यातून. आमच्याकडे हे भांडण वेगळ्या जागी होतं. पोर्तुगीज काळातल्या १८६७ च्या सिव्हिल कोडमुळे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामायिक, निम्मी तिची, हप्ता कुणी भरला हा प्रश्नच नाही. म्हणून इथे घर विकायचं तर दोघांची सही लागते. तरी भांडतात, घर निम्मं कसं मोजायचं ह्यावर भांडतात. तुम्हाला उपयोग नाही ह्याचा, पण "हप्ता माझा म्हणून घर माझं" हे जगात सगळीकडे खरं नाही एवढंच त्याला सांगा.

खिडकीपाशी

सगळ्यांना उत्तर देत बसले नाही, सॉरी, तेवढ्यात कामं करत होते. सांगते काय झालं ते.

बाबांचं पासबुक मिळालं. आईने पत्र्याच्या ट्रंकेत लग्नाच्या शालूखाली ठेवलं होतं. ८ लाखांची एंट्री आहे, तारखेसकट. बाबांनी फोनवर ती दोनदा वाचून दाखवली.

कुलमुखत्यारपत्र. @काळा_कोट तुम्ही विचारलंत आणि माझ्या पोटात गोळा आला. केलं होतं. लोनच्या वेळी, नोटरीकडे. रद्द करायची नोटीस वकिलीणबाईंनी आज पाठवली. हो, वकील मिळाल्या, शिवाजीनगरलाच, विधी सेवावाल्यांकडून, माझ्याहून लहान आहेत वयाने पण फाईल वाचताना मला एकही शब्द बोलू दिला नाही, आधी सगळी वाचली. मालकीचा दावा आणि न विकण्याचा आदेश दोन्ही मागतोय. पोटगीच्या अर्जाबरोबर दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यावं लागतं म्हणाल्या, मग त्याचं बाकीचं पण दिसेल.

एक हप्ता भरला. भावाने १५ हजार दिले. ब्रँचला अर्ज दिला, पोच घेतली. मुद्दल २७ लाख ६० हजार आहे, @हप्तेवाला तुम्ही काय जादूगार आहात का.

त्याला मी एकच मेसेज केला, घर खाली करणार नाही, १० मान्य नाही, बोलायचं असेल तर मीडिएशनला बोलू. दोन निळ्या टिका, उत्तर नाही.

आणि सासूबाई. काल रात्री मी फाईल लावत होते टेबलवर, त्या येऊन समोर बसल्या, म्हणाल्या ८ लाख तुझ्या बाबांनी दिले होते हे आम्हाला त्याने कधी सांगितलंच नाही. मी पासबुकाचा फोटो दाखवला. चष्मा लावून बघितला बराच वेळ. मग उठून कूकर लावायला गेल्या. सासरे आज फोनवर बोलले नाहीत, निदान हॉलमध्ये तरी नाही.

तारीख पुढच्या महिन्यात १२ ला आहे. झाली की लिहिते.